ब्रुगेलचं ‘बर्फातले शिकारी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या एका चित्राबद्दल मला जेवढे मेसेज येतात तेवढे बाकी सगळ्या चित्रांबद्दल मिळून येत नसतील. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे सगळे एका जागी लिहून काढले. सोपे आधी घेतलेत, किचकट नंतर. वाचताना चित्र मोबाईलवर का होईना पण समोर उघडून ठेवा, नाहीतर निम्मी मजा जाईल.

१. हे नेमकं कुठलं चित्र? कोणी काढलं आणि कधी?

पीटर ब्रुगेल (थोरला) या चित्रकाराने १५६५ मध्ये काढलेलं. ओकच्या लाकडी फळ्यांवर तैलरंग, साधारण ११७ बाय १६२ सेंटीमीटर, म्हणजे आडवं धरलं तर एका माणसाच्या उंचीएवढं लांब. आज ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. ब्रुगेल तेव्हा ब्रुसेल्सला राहत होता, आजच्या बेल्जियममध्ये. १५६९ मध्ये तो वारला, म्हणजे हे चित्र त्याच्या शेवटच्या चार-पाच वर्षांतलं. मुलाचं नावही पीटरच, तोही चित्रकारच, म्हणून ‘थोरला’ लावावं लागतं. नावाचा उच्चार ब्रॉयगल की ब्रुगेल यावर भांडू नका, मराठीत ब्रुगेल चालतं.

२. ताई, मला नुसता बर्फ आणि कुत्री दिसतायत. चित्रात चाललंय काय?

डावीकडून सुरुवात करा. टेकडीवर तीन शिकारी, तिघेही पाठमोरे, बर्फात पाय रुतवत खाली गावाकडे निघालेत. मागे कुत्र्यांचा घोळका, माना खाली, शेपट्या खाली. एकाच्या खांद्यावरच्या भाल्याला एक कोल्हा लटकतोय, बस्स. त्यांच्या डाव्या हाताला एक सराय आहे, बाहेर माणसांनी मोठा जाळ केलाय. डुक्कर मारल्यावर त्याचे केस भाजून काढायची ही तयारी, असं सहसा सांगतात.

आता उतारावरून नजर खाली सोडा. दोन गोठलेली तळी, त्यावर मुंगीएवढी माणसं स्केटिंग करतायत, काठीने चेंडू मारतायत, कोणी आपटलंय, पोरं भोवरे फिरवतायत. उजव्या कोपऱ्यात पाणचक्की, तिचं चाक बर्फाने जागच्या जागी थिजलंय. जवळच्या पुलावरून एक बाई काटक्यांची मोळी घेऊन चाललीय. खाली बर्फावर एक बाई दुसरीला छोट्या घसरगाडीवर बसवून ओढतेय. आणि सगळ्याच्या मागे टोकदार डोंगर, जे तिथे असायलाच नकोत (ते प्रश्न ८ मध्ये).

३. हे चित्र उदास आहे की आनंदी? आमच्या घरात यावर दोन गट पडलेत.

दोन्ही गट चित्राचा अर्धा अर्धा भाग बघतायत. डावा वरचा कोपरा झाकून बघा, नुसती मजा उरते, ख्रिसमसच्या कार्डावर छापतात तशी (आणि खरंच छापतात). उजवीकडचा खालचा भाग झाकला तर उरतात थकलेली माणसं, रिकामे हात आणि काळी झाडं.

मला विचाराल तर हा मूड घरी पोचायच्या आधीच्या शेवटच्या दहा मिनिटांचा आहे. रात्री उशिरा एसटीतून फाट्यावर उतरून गावाकडे चालत गेलेल्यांना हे लगेच कळेल, दिवे दिसायला लागलेले असतात, कुणाच्यातरी घरातला आवाजही येत असतो पण पाय अजून रस्त्यावरच असतात, आणि तेवढ्या वेळात थकवा एकदम जास्त जाणवतो कारण घर दिसलेलं असतं. शिकारी नेमके तिथे आहेत. गाव दिसतंय, उतार अजून उतरायचाय.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मला दर वेळी पोटात तुटल्यासारखं होतं: त्यांच्याकडे कोणीच बघत नाहीये. जाळाभोवतीची माणसं हाकेच्या अंतरावर आहेत, तीसुद्धा आपल्या कामात. यात दुष्टपणा नाही बरं का, त्यांचं त्यांचं काम चाललंय एवढंच. पण आपण, म्हणजे चित्र बघणारे, शिकाऱ्यांच्या मागे उभे आहोत, आणि सगळ्या गावाला त्यांची खबर नसताना फक्त आपण त्यांना बघतोय. खालच्या गंमतीत आपण अजून पोचलेलो नाही. तरी ती गंमत खोटी नाही, ती आहे आणि आपल्याला हवीशी वाटतेय.

४. एकाचाही चेहरा दिसत नाही, मग भाव कुठून कळतो?

पाठीवरून. पहिल्यांदा शिकाऱ्यांचे खांदे बघा, मग गुडघे, मग पावलं. ब्रुगेलला चेहऱ्याची फार गरजच पडत नाही, माणूस कसा वाकलाय, वजन कुठल्या पायावर टाकलंय यावरून तो सगळं सांगतो. कुत्र्यांचंही तेच, शेपट्या बघितल्या की दिवस कसा गेला ते कळतं.

शिवाय मांडणी बघा. उंच काळी झाडं डावीकडून उजवीकडे एकेक करून लहान होत जातात आणि शिकारी त्याच ओळीत चालतायत, त्यामुळे आपली नजर त्यांच्या चालीच्या लयीतच खाली जाते. मग एकदम जमीन संपते आणि दरी उघडते. तिथे वर एक लांब शेपटीचा पक्षी, मॅग्पाय, पंख पसरून तरंगतोय. माझ्या मते तो एक पक्षी नसता तर ती दरी एवढी खोल वाटलीच नसती, कारण त्याच्या खाली किती हवा आहे हे आपल्याला त्याच्यामुळेच जाणवतं.

५. आकाश हिरवट का आहे? रंग उडालाय का?

नाही, ते मुद्दाम आहे. आकाश आणि गोठलेली तळी बघा, जवळजवळ एकाच राखाडी-हिरव्या रंगात आहेत. त्यामुळे बर्फाळ पाणी म्हणजे खाली पडलेलं आकाशच वाटतं, आणि मधली सगळी जमीन दोन थंड पत्र्यांमध्ये दाबल्यासारखी होते. सूर्य नाही, कडक सावल्या नाहीत, ऊन आहे असं कुठेच वाटत नाही. चित्रात ऊबदार रंग जवळपास एकाच जागी आहे, सरायसमोरच्या जाळात, आणि तोही एका कोपऱ्यात ढकललेला. थोडे विटकरी रंग भिंतींवर दिसतात. बाकी सगळं पांढरं, काळपट तपकिरी आणि हा हिरवा.

चित्र काढणारे विचारतात की बर्फ कसा रंगवलाय. पांढऱ्या खडूच्या अस्तरावर पातळ थर देत जायची त्या भागातली जुनी पद्धत होती, अस्तराचा उजेड रंगातून वर येतो. निव्वळ पांढरा फार कमी वापरलाय. तुम्ही नुसता ट्यूबमधला पांढरा थापलात तर कापूस होतो, बर्फ होत नाही.

आणि हो, या चित्रात बर्फ *पडत* नाहीये, पडून गेलाय. हवा थांबलीय. ब्रुगेलने दुसऱ्या एका चित्रात पडणारा बर्फही काढलाय, पांढऱ्या ठिपक्यांनी सगळं चित्र भरून टाकलंय, तिथला मूड वेगळाच होतो.

६. शिकार फसली ना? तीन माणसं, डझनभर कुत्री आणि एक कोल्हा?

बहुतेक लोक असंच वाचतात आणि चित्राची देहबोली तेच सांगते. शिकाऱ्यांसमोरच्या बर्फात एका लहान प्राण्याच्या, बहुधा सशाच्या, पावलांचे ठसे आहेत असं दाखवलं जातं, म्हणजे हाताशी आलेलं निसटून गेलं.

पण इथे एक अडचण आहे. कोल्हा कोणी खायला मारत नाही. हिवाळ्यात त्याची लव दाट असते, कातडं विकलं जातं, आणि तो कोंबड्या पळवतो म्हणूनही मारतात. म्हणजे हे लोक कोल्ह्यासाठीच गेले असतील तर अगदीच हात हलवत आले असं म्हणता येत नाही. तरीही तीन घरांची चूल त्याच्यावर पेटणार नाही हेही खरंच. शेजारीच डुकराची तयारी चाललीय, म्हणजे कुणाच्यातरी घरी हिवाळ्याची बेगमी होतेय, आणि त्याच्या बाजूने ही माणसं जातायत. हा शेजार ब्रुगेलने जाणूनबुजून ठेवलाय असं मला वाटतं.

७. सरायची पाटी तुटकी का आहे? त्यावर काय लिहिलंय?

झूम करा, पाटी एका कडीवर लटकतेय, दुसरी सुटलीय. सरायचं नाव ‘हरणापाशी’ अशा अर्थाचं आहे. पाटीवर हरणासमोर गुडघे टेकलेला एक संत आहे. शिकारीला गेलेल्या माणसाला हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि तो बदलला, अशी कथा संत ह्यूबर्ट आणि संत युस्टेस या दोघांबद्दल सांगतात, त्यामुळे हा त्यातला कुठलाही असू शकतो. दोघेही शिकाऱ्यांचे संत. आता बघा, शिकाऱ्यांचा राखणदार असा अर्धवट लोंबकळतोय आणि त्याच्या खालून शिकारी एक कोल्हा घेऊन जातायत. यापुढे जाऊन ‘देवाने पाठ फिरवली’ वगैरे म्हणायची गरज नाही. गावातली सराय आहे, पाटी दुरुस्त करायची राहिलीय, एवढंही पुरतं.

८. बेल्जियम तर सपाट आहे, मग असे डोंगर कुठून आले?

आल्प्समधून, ब्रुगेलच्या डोक्यातून. तरुणपणी, १५५० च्या दशकाच्या सुरुवातीला, तो इटलीला गेला होता आणि जाता-येता त्याने आल्प्स बघितले. त्या डोंगरांची त्याची रेखाटनं आहेत. कारेल व्हान मांडर या चरित्रकाराने १६०४ मध्ये लिहिलंय की ब्रुगेलने आल्प्समध्ये सगळे डोंगर आणि खडक गिळले आणि घरी येऊन फळ्यांवर ओकले. शब्द जरा ओबडधोबड आहेत पण मला फार आवडतात.

म्हणजे हे गाव नकाशावर नाही. घरं, चर्च, तळी, खेळ त्याच्या आसपासचे, डोंगर आठवणीतले. त्यामुळे “हे गाव कुठलं, आम्हाला तिथे जायचंय” असं विचारणाऱ्यांना मी कायम निराश करते, सॉरी. पण मूडसाठी डोंगर लागतातच. ते काढून टाकले तर गाव कोझी होतं, घरगुती होतं, डोंगरांमुळे कळतं की ही सगळी धावपळ किती मोठ्या थंडीच्या आत चाललीय.

९. तेव्हा खरंच एवढी थंडी पडायची का?

हो. चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या दरम्यान युरोपात गारठ्याचे लांबच लांब काळ आले, त्याला छोटं हिमयुग म्हणतात. १५६४-६५ चा हिवाळा तर विशेष कडक होता, लंडनमध्ये थेम्स नदी गोठली होती. चित्रावर साल १५६५ आहे, त्यामुळे लोक लगेच दोन्ही जोडतात, आणि संबंध असणं अगदी शक्य आहे.

पण हा काही हवामानाचा रिपोर्ट नाही. डोंगरांचं वर सांगितलंच. शिवाय महिन्यांची चित्रं काढायची जुनी परंपरा होती (पुढचा प्रश्न), त्यात हिवाळा असणारच होता, मग थंडी कमी पडो की जास्त. त्या वर्षीच्या गारठ्याने त्याला बर्फ बारकाईने बघायला लावलं असेल, एवढंच मी म्हणेन.

१०. हे एका मालिकेतलं चित्र आहे असं ऐकलं. बाकीची कुठेत? हा महिना कुठला?

निक्लास योंगेलिंक नावाच्या अँटवर्पच्या श्रीमंत व्यापाऱ्यासाठी ब्रुगेलने वर्षभराच्या ऋतूंची मालिका काढली. १५६६ मध्ये योंगेलिंकने कुणाच्यातरी १६,००० गिल्डरच्या कर्जाला जामीन म्हणून आपली बरीच चित्रं लिहून दिली, ब्रुगेलची १६ त्यात होती, आणि त्या कागदामुळेच ही मालिका त्याची होती हे आपल्याला कळतं.

आज पाच उरलीत. व्हिएन्नात तीन: हे, वादळी काळोख्या दिवसाचं, आणि गुरं घरी आणतानाचं. गवत कापणीचं प्रागच्या लोबकोविच राजवाड्यात, आणि झाडाखाली माणसं जेवतायत-झोपलीयत ते पीक कापणीचं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. मूळची सहा असावीत, दोन-दोन महिन्यांचं एक, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जे नाहीसं झालं ते वसंताचं असावं.

आपलं चित्र डिसेंबर-जानेवारीचं धरतात. पण ते मालिकेत पहिलं की शेवटचं? आपण जानेवारीपासून मोजतो म्हणून गोंधळ होतो. ब्रुगेलच्या ब्राबंट प्रांतात तेव्हा कारभारात वर्ष ईस्टरपासून (मार्च-एप्रिलमधला सण) मोजत. तसं धरलं तर हिवाळा वर्षाच्या शेवटाकडे येतो, आणि मग ‘दमून घरी परतणारी माणसं’ याला आणखी वजन येतं. गुरं घरी आणतानाच्या चित्रातही माणसं पाठमोरी, घराकडेच चाललीयत. ती दोन शेजारी ठेवून एकदा बघाच.

आपल्याकडच्या राजस्थानी आणि पहाडी बारामासा चित्रांची आठवण अनेकांना येते आणि ते बरोबरच आहे, तिथेही महिनेच आहेत. फरक एवढाच की तिथे महिना बहुधा प्रिय माणूस जवळ आहे की दूर यावरून कळतो, इथे त्या महिन्यात हाताला काय काम आहे यावरून.

११. काळे पक्षी म्हणजे मृत्यू, बरोबर ना? कॉलेजमध्ये तसं शिकवलं.

हे मला पटत नाही. प्रतीकांची यादी घेऊन चित्रावर टिक करत गेलं की चित्र बघायचं राहून जातं. हिवाळ्यात निष्पर्ण झाडावर कावळे बसतात, ते दिसतातही नेहमीपेक्षा जास्त कारण पानं नसतात. ब्रुगेल हे बघणारा माणूस होता. हां, त्यांच्यामुळे मनात एक काळी सावली येते हे खरं, पण ती ‘कावळा बरोबर मृत्यू’ अशा कोष्टकातून येत नाही, पांढऱ्या-हिरव्या पसाऱ्यावर ते काळे टिपके आणि काळे बुंधे जे वजन टाकतात त्यातून येते. परीक्षेत सरांना हवं ते लिहा, चित्र मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पाटीचं वेगळं आहे, तिथे शब्द आणि संत दोन्ही काढलेत (प्रश्न ७).

१२. कुठेतरी आग लागलीय म्हणतात, मला सापडत नाही.

उजवीकडे, खाली दरीत, मधल्या अंतरावरची घरं शोधा. एका घराच्या धुराड्याने पेट घेतलाय आणि अगदी बारीक माणसं शिडी घेऊन धावतायत. मला हे सापडायला कितीतरी वर्षं लागली, आणि सापडल्यावर तळ्यावरच्या खेळाकडे बघायची नजरच बदलली. एकाच थंडीत इकडे जाळ ऊब देतोय, तिकडे जाळ घर खातोय, मधे पोरं भोवरे फिरवतायत. ब्रुगेल कशाकडेच बोट दाखवत नाही. चित्राचा अर्थ काय असं विचारणाऱ्यांना मी आधी ही आग शोधायला सांगते.

१३. पक्ष्यांच्या सापळ्याचं एक बर्फाचं चित्र आहे, ते हेच का?

नाही, पण ब्रुगेलचंच आणि त्याच वर्षीचं, १५६५ चं. ते ब्रुसेल्सला आहे आणि आकाराने खूप लहान. नदीवर लोक स्केटिंग करतायत आणि काठावर एक जुनं दार काठीच्या आधाराने तिरकं उभं केलंय, खाली दाणे, पक्षी आले की दोरी ओढायची. तिथे सूचना सरळ आहे, बर्फावरची माणसंही त्या पाखरांइतकीच बेसावध. मुलाच्या चित्रशाळेतून आणि बाकीच्यांकडून त्याच्या शंभराहून जास्त नकला झाल्या, म्हणून ते इतक्या म्युझियममध्ये भेटतं आणि गोंधळ होतो. दोन्हीत मला शिकारीच जास्त जवळचे, कारण तिथे असा धडा नाही.

१४. बाकीच्या चित्रकारांच्या बर्फात आणि यात फरक काय?

तीन शतकांनंतरचं फ्रेंच चित्रकार मोनेचं ‘मॅग्पाय’ हे चित्र बघा (१८६८-६९, पॅरिस), कुंपणावर एक पक्षी, बर्फावर निळ्या सावल्या, सगळा मूड उन्हाचा. त्याआधीचा जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश, त्याचं १८११ चं हिवाळ्याचं चित्र लंडनला आहे, त्यात एक माणूस खडकाला टेकून प्रार्थना करतोय, कुबड्या बर्फात टाकून दिल्यात, मागे धुक्यात चर्च. तिथला बर्फ एकट्या माणसाचा आहे, आत्म्याचा म्हणा. ब्रुगेलचा बर्फ गावाचा आहे. त्यात एकटं वाटतं ते माणसं नसल्यामुळे नाही, इतकी माणसं असून वाटतं.

१५. मी आयुष्यात बर्फ बघितलेला नाही. मला हे चित्र कळेल का?

कळेल की. मी प्रेमात पडले तेव्हा मीही बघितला नव्हता. आपली थंडी म्हणजे हुरडा, शेकोटी, सकाळचं कोवळं ऊन, ती सुखाची थंडी, त्यामुळे या चित्रातली भीती थंडीवरून नाही कळत. पावसाळ्यावरून कळते. मृगाच्या आधी घरात सरपण भरून ठेवायचं, पापड-कुरडया, धान्याची बेगमी, कारण नंतर बाहेर पडता येणार नाही आणि काही मिळणार नाही, हे आपल्या आज्यांनी केलेलं आहे. ते मनात ठेवून पुलावरच्या त्या मोळीवाल्या बाईकडे बघा. ती चित्रात बोटाच्या पेराएवढी आहे. तिच्या घरी आज रात्री चूल पेटेल ती त्या मोळीवर.

१६. प्रत्यक्ष बघायचं तर? आणि घरात प्रिंट लावायची तर?

व्हिएन्नाला जाणार असाल तर या म्युझियमची ब्रुगेलची खोली चुकवू नका, जगात ब्रुगेलची सगळ्यात जास्त चित्रं तिथेच आहेत, डझनभर. सुट्टीचा दिवस आणि वेळा साइटवर बघून जा. एका फटक्यात सगळं म्युझियम करू नका, या चित्रासमोर बाकावर अर्धा तास बसा, आधी लांबून, मग जवळ जाऊन. हातात तीन-चार दिवस असतील तर ट्रेनने प्रागला जाऊन मालिकेतलं गवत कापणीचंही बघून होतं.

घरबसल्या हवं असेल तर म्युझियमची ‘इनसाइड ब्रुगेल’ नावाची साइट आहे, फुकट, त्यात चित्राच्या इतक्या जवळ जाता येतं की रंगाच्या भेगा दिसतात. प्रश्न १२ मधली आग तिथे नक्की सापडेल. प्रिंट घेताना आकाश तपासा, बऱ्याच स्वस्त प्रिंटमध्ये ते निळं करून टाकतात. निळं दिसलं तर घेऊ नका. आणि फार लहान घेऊ नका, साठ-सत्तर सेंटीमीटर रुंदी तरी हवी, नाहीतर तळ्यावरची माणसं म्हणजे नुसते ठिपके होतात आणि मोळीवाली बाई तर दिसतच नाही.